जिन्याच्या टू-वे स्विचवर दोन नवे दिवे जोडले. ते फक्त खालच्या बटणावर चालतात, वरच्यावर नाही. चूक कुठे असेल?

बल्ब किंवा स्विच बदलू नका, ते चांगले आहेत. जुना दिवा दोन्ही बटणांवर नीट चालतो, म्हणजे नव्या दिव्यांचा फेज चुकीच्या जागेवरून घेतलाय. मी खानापूर-नंदगड भागात घरगुती वायरिंगची कामं करतो. इथे हे वारंवार दिसतं, कारण बोर्ड हाताशी असतो आणि होल्डरपर्यंत पोचायला शिडी लावावी लागते.

टू-वे स्विचला, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून चालवणाऱ्या स्विचला, मागे तीन स्क्रू असतात. त्यांतला एक कॉमन, म्हणजे बटण दाबल्यावर उरलेल्या दोन्हींपैकी एकाला जोडला जाणारा. खालच्या स्विचच्या कॉमनला फेज येतो, वरच्या स्विचच्या कॉमनवरून वायर दिव्याकडे जाते. उरलेले दोन-दोन स्क्रू दोन वायरींनी आपसात जोडलेले असतात. या दोन्हींपैकी कुठल्या वायरीत फेज सोडायचा ते खालचं बटण ठरवतं. तुमच्या नव्या दिव्यांचा फेज त्यांतल्याच एका वायरीवरून घेतलेला दिसतो, मग वरच्या बटणाचा संबंधच उरत नाही.

नवे दिवे जुन्या होल्डरवरूनच घ्या. तिथे येणारी स्विचची वायर आणि तिथलंच न्यूट्रल, दोन्ही पॅरलल, म्हणजे जुन्या दिव्याच्या वायरी न तोडता त्यांच्याच जोडीला. जुन्या दिव्याची वायर तोडून मध्ये नवा दिवा घालू नका, सगळेच मंद पेटतील, लुकलुकतील किंवा पेटणारच नाहीत. लोडची काळजी नको: नऊ वॅटचे तीन एलईडी म्हणजे २७ वॅट, सहा अँपिअरच्या स्विचला ते काहीच नाही.

बोर्ड उघडला असेल तर आणखी एक बघा. खालचं बटण ठरावीक बाजूला असतानाच वरचं चालत असेल, तर दोन्हींपैकी एका स्विचवर कॉमनची वायर बाजूच्या स्क्रूला गेलेली असू शकते. आपल्याकडच्या जुन्या घरांत वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, लाल वायरीत न्यूट्रल सापडलेलं मी पाहिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाईनमध्ये करंट राहतो. इन्व्हर्टरही बंद करा. जिन्यात फेज खालच्या एमसीबीवरून (बिघाड झाला की आपोआप पडणारा छोटा स्विच) आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचं असंही असतं, म्हणून एकच एमसीबी पाडून हात घालू नका. प्रत्येक वायर टेस्टरने तपासा, आणि तो टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतो का बघून घ्या. पावसाळ्यात भिंतीला ओल असेल आणि बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर स्वतः उघडूच नका, लायसन्सवाला वायरमन बोलवा.

जोडणी झाली की आधी खालचं बटण दाबा, मग वरचं, पुन्हा खालचं, पुन्हा वरचं. प्रत्येक वेळी तिन्ही दिवे एकदम बदलले पाहिजेत. बंद असताना एलईडी बारीक मिणमिणत राहिला, तर स्विचमधून फेजऐवजी न्यूट्रल तर तुटत नाही ना, हे आधी बघा. ते ठीक असेल, तर पाइपातून शेजारी-शेजारी गेलेल्या लांब वायरींमुळेही तसं होतं.