शिपवर्म : किडा की शिंपला?

अमळनेरच्या एका शिक्षकांनी विचारलंय, ‘शिपवर्म’ला मराठीत काय म्हणावं? भाषांतरात त्यांनी ‘जहाजकिडा’ लिहिलं होतं. विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यानं ते खोडलं, का तर तो किडाच नाही. मग ‘समुद्री वाळवी’ चालेल का?

सहकाऱ्याचं प्राणिशास्त्र पक्कं आहे. शिपवर्म, म्हणजे जहाजाचं लाकूड पोखरणारा टेरेडो नॅव्हालिस, हा मृदुकाय प्राणी, शिंपल्यांच्या कुळातला. अंग अळीसारखं लांबलचक आणि शिंपले मात्र डोक्याशी दोनच, इवलेसे. तेच कानशीसारखे घाशीत तो लाकडात शिरतो. शिरतो तेव्हा अगदी पिल्लू असतो, त्यामुळे बाहेरचं भोक टाचणीच्या डोक्याएवढंच राहतं. आत तो वाढत जातो, बोगदा रुंदावतो, भिंतींना चुन्याचं अस्तर देत जातो. मागचं टोक भोकाशीच असतं. तिथं दोन चिमुकल्या झडपा. धोका जाणवला की दार बंद. वरून फळी धडधाकट, आतून चाळण. १७३० च्या दशकात हॉलंडच्या समुद्रबांधांचं लाकूड यानंच पोखरलं. १७३३ मध्ये गॉडफ्रे सेलियस या अभ्यासकानं हा मृदुकाय असल्याचं दाखवून दिलं.

पण म्हणून ‘किडा’ खोडायची गरज नव्हती. मराठीत कीड हा शब्द प्राण्याच्या जातीवर नाही, नासाडीवर बसलाय. दाताला कीड लागते ती जिवाणूंची, तिथं कुठला किडा असतो? ‘लाकूडले कीड लागी गयी’ म्हणणारा अहिराणी माणूस त्या प्राण्याचं कूळ विचारत बसत नाही. आणि गंमत म्हणजे ‘टेरेडो’चं ग्रीक मूळही लाकूड खाणाऱ्या किड्याचंच नाव. १७५८ मध्ये प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं तेच शास्त्रीय नावात ठेवलं.

‘वाळवी’ला माझा विरोध आहे. वाळवी म्हटलं की वारूळ आलं, मातीचे पापुद्रे आले, सगळं कुटुंबकबिल्यासह. हा गडी एकेकटा. शेजाऱ्याचा बोगदासुद्धा टाळून पुढे जातो. त्यापेक्षा ‘घुण’ जवळचा. त्यानं लाकूड कोरताना चुकून अक्षरं उमटली, तर तो ‘घुणाक्षरन्याय’. पण घुण म्हणजे भुंग्याची जात, आणि आपल्या डोक्यात तो धान्यातच असतो.

खानदेशात याला जुना शब्द शोधू नका. या प्राण्याला खारं पाणी लागतं. भुसावळजवळच्या तापीत कितीही जुनी नाव बुडवून ठेवली, तरी तो यायचा नाही. शब्द शोधायचाच तर सुरतेच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी.

तेव्हा ‘जहाजकिडा’च ठेवा, पहिल्या उल्लेखात ‘लाकूड पोखरणारा शिंपला’ एवढं जोडा. पुढे मजकुरात लिम्नोरिया आला, तर त्याला हे नाव देऊ नका. तोही समुद्रात लाकूड खातो, पण तो खेकड्या-कोळंबीच्या गोतातला. आणि ‘नौकाकृमी’ तर नकोच. कृमी म्हटलं की वर्गातल्या पोरांना पोटातले जंत आणि शाळेत मिळणारी गोळीच आठवणार.