भुयारातील सापळे: खेळ खोळंबू नये म्हणून

तुम्ही लिहिले आहे की, डंजन्स अँड ड्रॅगन्स या, पात्रे वठवत फाशांवर खेळायच्या कथाखेळात तुमच्याकडे सापळा आला की दोनच गोष्टी घडतात. एक तर कोणीतरी फासा टाकून तो शोधतो आणि दुसरा फासा टाकून निकामी करतो. नाहीतर तो कोणालाच सापडत नाही, एखाद्याचे हिट पॉइंट (पात्राचे जीवनबळ मोजणारे गुण) कमी होतात आणि क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारे पुजारी पात्र, ते मंत्राने भरून काढतो. शिवाय खेळाडू आता प्रत्येक फरशी काठीने ठोकून पाहतात, त्यामुळे अर्धी संध्याकाळ एका बोळात जाते. हा खेळाडूंचा दोष नाही. कसलीही चाहूल न देता इजा करणारा सापळा एकदा अनुभवला की कोणीही तसेच वागेल.

आधी फाशांचा हिशेब पाहू. सापळा दिसण्यासाठी एकूण १५ गाठायचे आहेत आणि पात्राला कौशल्यामुळे फाशाच्या आकड्यात ३ अधिक मिळतात असे धरले, तर २० बाजूंच्या फाशावर १२ किंवा त्याहून मोठा आकडा पडावा लागतो, म्हणजे शक्यता ४५ टक्के. पण चौघांनी तेवढ्याच कौशल्याने फासा टाकला, तर निदान एकाला तो दिसण्याची शक्यता सुमारे ९१ टक्के होते. म्हणजे एवढा विचार करून लपवलेला सापळा बहुतेक वेळा सापडणारच असतो आणि ज्या थोड्या वेळा सापडत नाही, तेव्हा खेळाडूंच्या हाती काहीच उरत नाही. दोन्ही प्रसंगी कोणी काही ठरवलेले नसते. म्हणून माझा सल्ला असा की सापळ्याची खूण फासा न टाकताच दाखवावी, आणि तिचा अर्थ लावून पुढे काय करायचे, हा भाग खेळाडूंवर सोपवावा.

उदाहरणादाखल, खेळ चालवताना मी अनेकदा वापरलेला एक सापळा सांगतो. अरुंद बोळातील फरश्या मधोमध झिजलेल्या आहेत, फक्त एक लांबरुंद फरशी नव्यासारखी कोरी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, कमरेच्या उंचीवर, हात टेकल्याचे तेलकट डाग आहेत. मी एवढेच वर्णन करतो आणि थांबतो. ही फरशी मधल्या आसावर झुलते. टोकावर वजन पडले की कलून खाली १० फुटांच्या खड्ड्यात टाकते आणि पुन्हा जागेवर येते. तेथे राहणारे लोक भिंतींना हात टेकून ती एका ढांगेत ओलांडतात. खेळाडूंपैकी कोणी उडी मारतो, कोणी फटीत पाचर ठोकतो, कोणी फळी टाकतो. एका गटाने तर तिला हातही लावला नाही. परतताना पाठलाग करणाऱ्या पहारेकऱ्यांना मुद्दाम तिच्यावर आणले. पडल्यास २०१४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांप्रमाणे दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा, म्हणजे सरासरी साडेतीन हिट पॉइंट जातात. ते नुकसान किरकोळच आहे, म्हणून मी खड्ड्याच्या तळाशी तार ताणून तिला घंटा बांधतो. जखम क्लेरिक भरून काढेल, पण वाजलेली घंटा परत घेता येत नाही.

असे तपशील सुचावेत म्हणून मी सापळा कोणी आणि कशासाठी बसवला, रोज ये-जा करणारे तो कसा चुकवतात आणि एकदा चालल्यावर तो पुन्हा कोण लावतो, हे आधी ठरवतो. खुणा बहुधा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातूनच मिळतात. पहारेकऱ्यांच्या रोजच्या वाटेवर विषारी बाणांचा सापळा असेल, तर त्यांना तो टाळता येत असलाच पाहिजे. नसेल, तर तो तेथे शोभत नाही.

सापळे काढण्यात तरबेज असलेल्या पात्रावर यामुळे अन्याय होईल, ही शंका रास्त आहे. १९७४ च्या मूळ नियमांत सापळा निकामी करण्याचा फासाच नव्हता. सापळे काढणारा चोर हा पात्रवर्ग १९७५ च्या पुरवणीत आला, आणि तोपर्यंत खेळाडूंना सारे बोलूनच सोडवावे लागे. मी फासा आणि बोलणे या दोन्हींची सांगड घालतो. त्या पात्राचा फासा यशस्वी झाला की आस कोठे आहे, पाचर कोठे बसेल, हे मी सांगतो. अयशस्वी झाला तरी खूण दिसलेलीच असते, आणि योजना चांगली असेल तर मी फासा मागतच नाही.

पाण्याने भरणाऱ्या खोलीसारख्या मोठ्या सापळ्यांना मात्र लढाईप्रमाणे फेऱ्या द्याव्यात. दर फेरीला पाणी एक फूट चढते, असे उघडपणे सांगितले की तिसऱ्या फेरीअखेर हाफलिंग या बुटक्या वंशाच्या पात्राला कोणाच्या तरी खांद्यावर बसावे लागते आणि पाणी बंद करणारे चाक फिरवायला एक जोडी हात कमी पडतात. येथे घाई खरी असते, त्यामुळे काठीने ठोकत बसण्याचा प्रश्नच येत नाही.

स्पर्श करताच ठार करणारे सापळे मी सोडून दिले. सुरुवातीच्या काळात एका पेटीच्या कुलपात मी विषारी सुई ठेवली होती, खूण काहीच नव्हती. फासा चुकला आणि दीड वर्ष जपलेले पात्र गेले. तो खेळाडू उरलेली संध्याकाळ गप्प बसून होता. आज तीच पेटी ठेवायची झाली, तर मी तिच्या शेजारी काळीनिळी बोटे झालेला एक सांगाडा ठेवेन, त्याच्या मुठीत मोडकी किल्ली देईन, आणि पेटी उघडायची की नाही हे खेळाडूलाच ठरवू देईन.