उठताना अंधारी येते ना? मग केस आणि अंगठी नंतर, आधी बीपीची गोळी बघा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आठ-नऊ महिन्यांत १९ किलो उतरलं, अंगठी बोटातून गळते, लाकडी खुर्चीत बसलं की माकडहाड दुखतं, सगळे घामाघूम असताना तुम्हाला पंखा नको वाटतो, केस मूठभर जातात. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता: "सकाळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पण बीपीची गोळी वेळेवर घेते." खाली ज्यांनी उत्तरं दिलीत त्यांनी आवळा, बदाम, बायोटिन सगळं सांगून झालंय. त्या शेवटच्या ओळीला कुणी हातच लावला नाही. मी तीच धरून बसले, कारण ती ओळ मला फार महागात पडली आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सोलापुरात शिवणकाम करते, एरवी ब्लाऊज, उन्हाळ्यात शाळांचे युनिफॉर्म. माझं वजन ८४ वरून ६२ वर आलं. ते कसं आलं हे लिहीत नाही, तुम्ही ते करून बसला आहात. फक्त एक, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: काहीही न करता वजन उतरत असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. तुम्ही साखर, थायरॉईड, छातीचा फोटो, जे डॉक्टर सांगतील ते आधी करून घ्या.

तर बीपी. वजन उतरलं की बीपीही उतरतं. वरचा आकडा किलोमागे साधारण एकाने, असा ढोबळ हिशोब आहे. कुणाचा जास्त उतरतो, कुणाचा कमी. म्हणजे गोळीचं बरंचसं काम तुमच्या शरीरानंच करून टाकलंय, आणि गोळी अजून जुन्या वजनाच्या बाईची चालू आहे. त्यातून गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर बहुतेक ती जोडगोळी असते, तिच्यातलं एक औषध लघवीवाटे मीठ-पाणी काढतं. जेवण कमी झालं की पोटात जाणारं मीठही कमी होतं. वर ४३-४४ डिग्रीचा उन्हाळा. एवढं सगळं जमून आल्यावर उठताना अंधारी नाही आली तरच नवल.

आता माझा दवाखाना, जिथे माझ्या बीपीच्या गोळ्या चालू होत्या. नाव लिहिणार नाही, माझ्या गिऱ्हाईक बायका अजून तिथेच जातात आणि मला भांडण नको. तिथे कंपाउंडर बाहेरच बीपीचा पट्टा गुंडाळायचा, तोही ब्लाऊजच्या बाहीवरून, शेजारच्या पेशंटशी बोलता बोलता. आत डॉक्टर फाईल उघडायचे, मागचं पान बघायचे आणि "तेच चालू ठेवा" म्हणून खाली सही. फाईलच्या पहिल्या पानावर वजन ८४ लिहिलेलं होतं. ते शेवटपर्यंत ८४च राहिलं. कोपऱ्यात वजनकाटा होता, त्यावर औषधाचे खोके ठेवलेले.

चक्कर येते म्हटल्यावर "विकनेस आहे" म्हणून सलाईन. सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटायचं, आणि तिथेच सगळी फसगत झाली. अंगात पाणी गेलं की बीपी जरा वर यायचं, म्हणून बरं वाटायचं. डॉक्टरांना वाटलं निदान बरोबर आहे, मलाही तसंच वाटलं. मग ताकदीची इंजेक्शनं. मग चक्करेची वेगळी गोळी. मग मानेचा एक्स-रे आणि मानेला पट्टा. तो पट्टा लावून शिलाई मशीनवर बसून बघा एकदा, सुईच दिसत नाही! मी विचारलं की वजन एवढं उतरलंय त्याचा काही संबंध असेल का, तर उत्तर आलं, "तुम्ही ते डाएटिंग सोडा, दोन घास जास्त खा." गोळीचा विषयच नाही.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, वेळ कधी रात्रीची, कधी पहाटेची. मे महिना होता. पहाटे नळाने फुस्स केलं, मी झोपेतून ताडकन उठले आणि मोटार लावायला मोरीकडे धावले. पुढचं आठवतं ते थेट बॅरलशेजारी पडलेली मी आणि वाकडं झालेलं उजवं मनगट. हाड मोडलं होतं. मे म्हणजे आमचा हंगाम, १५ जूनच्या आसपास शाळा उघडतात आणि वर्षाची निम्मी कमाई त्या दीड-दोन महिन्यांत होते. प्लास्टरच्या हातानं मशीनखालून कापड सरकवता येत नाही. एका शाळेचं काम दुसरीकडे गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही.

सिव्हिलमध्ये प्लास्टर घालताना एका शिकाऊ डॉक्टर पोरीनं विचारलं, "मावशी, पाय घसरला की आधी अंधारी आली?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. तिनं आडवं झोपवून बीपी घेतलं, वरचा आकडा ११८. मग उभं करून घेतलं, ८८. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी गोळ्यांची पाकिटं मागवून घेतली आणि एक गोळी तिथल्या तिथे बंद, दुसरी अर्धी. आठवड्याभरात चक्कर गेली, मानेचा पट्टा कपाटात गेला.

सिव्हिलचा कागद घेऊन मी जुन्या दवाखान्यात गेले. भांडायला नाही, फाईलमध्ये लावायला. तर मला म्हणाले, "मग वजन कमी केलंय हे तुम्ही सांगायचं ना." अहो, २२ किलो! गल्लीतल्या पोरांनी ओळखलं नाही, पिठाच्या गिरणीवाला बिचकून बघायला लागला, आणि दर महिन्याला समोर बसणाऱ्या बाईकडे डॉक्टरांनी मान वर करून बघायचं नाही? माझ्याकडे बाई आली की मी जुनं माप वहीत असलं तरी टेप लावतेच, कारण अंग बदलतं. वेळ वाचवायला मी जुन्या मापावर ब्लाऊज कापला तर बाई माझ्या तोंडावर फेकेल. गोळीला मात्र टेप लावायची नाही.

मापावरून आठवलं. बीपीचा पट्टाही दंडाच्या मापाचा लागतो, हे मला तेव्हा कळलं. नेहमीचा पट्टा साधारण ३४ सेंटिमीटर घेरापर्यंत, म्हणजे साडेतेरा इंचांपर्यंत चालतो. जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त दिसतो. माझ्या वहीत माझ्याच दंडाचा घेर १५ इंच लिहिलेला आहे, आणि त्या दवाखान्यात पट्टा एकच. म्हणजे सुरुवातीला गोळी ठरली तेव्हा तरी बीपी खरंच तेवढं होतं का, ही शंका मला अजून आहे. आता घेर १२ आहे.

तुम्ही काय करायचं: घरचं मशीन घ्या किंवा कुणाचं आणा, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. सकाळी पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा. मग उभ्या राहा, एका मिनिटानं मोजा, तिसऱ्या मिनिटाला परत मोजा. उभं राहताना जवळ कुणीतरी असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखंच आहे. दोन-तीन दिवसांचे आकडे, आजचं वजन आणि गोळी सुरू झाली तेव्हाचं वजन, एवढं कागदावर लिहून न्या आणि सरळ विचारा, "या वजनाला हाच डोस का?" गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. काही बीपीच्या गोळ्या एकदम सोडल्या तर धडधड वाढून बीपी उसळतं, ते परवडत नाही. पण अंधारी येऊन पडलात किंवा शुद्ध हरपली, तर कागद-बिगद करत बसू नका, त्याच दिवशी जा.

घरात कुणाला साखरेची गोळी चालू असेल आणि त्यांचंही वजन उतरत असेल, तर त्यांनाही हेच लागू. ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिन असेल तर जास्तच जपायचं, साखर खाली जाते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, भूक भडकते. थायरॉईडच्या गोळीचाही वजनाशी संबंध असतो, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) परत करून घ्यावं.

आता तुमच्या बाकीच्या तक्रारी. यातलं बहुतेक सगळं होतंच, घाबरू नका.

थंडी: कातडीखालची चरबी ऊब धरून ठेवते, ती गेली. शिवाय कमी खाल्लं की शरीरही आतली भट्टी मंद करतं. मी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेले तर स्वेटरवर शाल, आणि रात्री दोन चादरी. दोन्ही सोलापुरीच, पातळ नाहीत.

माकडहाड: बसायची गादीच गेली, हाड थेट फळीवर टेकतं. मशीनच्या स्टुलावर मी मागच्या बाजूनं खाच असलेली उशी शिवून घेतली, जुन्या गादीच्या फोमची. पण दुखणं महिनोन्महिने गेलं नाही तर दाखवा.

केस: वजन भराभर उतरलं की दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होते, आणि बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. जेवणात डाळ, अंडी, शेंगदाणे पुरेसे आहेत का बघा, हिमोग्लोबिन तपासा. महागड्या तेलाला पैसे घालवू नका. आपल्याकडे शेंगाची चटणी घरोघरी आहे, पण चमचाभर चटणीला प्रथिनं म्हणू नका, हे मी माझ्याच बहिणीला सांगून दमले.

एक तुम्ही लिहिलं नाही ते मी विचारते: जेवणानंतर, खास करून तेलकट खाल्ल्यावर, उजव्या बरगडीखाली कळ येऊन मागे खांद्याच्या पात्यापर्यंत जाते का? भराभर वजन उतरवणाऱ्यांना, आठवड्याला दीड किलोच्या वर, पित्ताशयात खडे होण्याचा धोका जास्त. ॲसिडिटीची गोळी खात बसू नका, सोनोग्राफी करा.

चांगलंही बरंच होतं, ते कुणी सांगत नाही. माझं घोरणं गेलं, नवरा पहिले काही दिवस रात्री उठून माझा श्वास चालू आहे का बघायचा. एक किलो उतरला की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक चारेक किलोनं हलका होतो म्हणतात, ते जिना चढताना मला पटलं. चपलेचं माप एका नंबरनं कमी झालं. आणि तीच साडी, तीच मी, पण निऱ्या पाचाच्या सात झाल्या. पोटाशी तो गठ्ठा खोचताना पहिल्यांदा वाटलं साडीच बदलली की काय.

ब्लाऊज लगेच आवळायला टाकू नका. चार-पाच महिने वजन एका जागी टिकलं की मगच. बाजूच्या शिवणीतून दोन-अडीच इंच घेता येतं, त्यापुढे मुंढा काखेत लोंबतो आणि टक्स भलतीकडे सरकतात. मग खांद्यापासून उसवावं लागतं, तेवढ्या मजुरीत नवीन होतो. आणि टेलर आतली माया, म्हणजे शिवणीत ठेवलेलं जास्तीचं कापड, कापायला निघाला तर हात धरा. वजन परत थोडं वाढतंच, भूक जुन्या वजनाची आठवण सोडत नाही. अंगठीचंही तेच, सोनाराकडे कापायला नेऊ नका, तूर्त खालून दोरा गुंडाळा. थंडीत बोट आणखी बारीक होतं, उन्हाळ्यात फुगतं, माप घ्यायचंच तर मधल्या दिवसांत घ्या. भाकरी थापताना बांगड्या पिठात पडत असतील तर त्या मात्र काढून ठेवा.

आणि लोक. आमच्याकडे पहिला प्रश्न "काय गं, वाळलीस की!" आणि दुसरा "शुगर निघाली का?" एका लग्नात एका मावशींनी मला बाजूला घेऊन सासरी काही त्रास आहे का विचारलं, माझी सासू शेजारीच बसून जिलेबी खात होती. उत्तर देत बसू नका. "मुद्दाम केलंय" एवढं म्हणा आणि पुढे चला. चेहरा ओढल्यासारखा दिसतो ते काही महिन्यांनी जरा भरतं. पोटाची सुटलेली कातडी किती आवळते ते वयावर आणि किती उतरलं त्यावर, क्रीमनं काही होत नाही.

गोळीचं नाव आणि झोपून-उभ्यानं घेतलेले आकडे इथे टाकले तरी चालतील, पण डोस कुणाकडूनही इथे ठरवून घेऊ नका, माझ्याकडूनही नाही. आणि तोवर सकाळी उठताना आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडून बसा, पोटऱ्या हलवा, मग उभ्या राहा. पाणी आलं तरी.