एम६ए खूण लागली की एमआरएनए लवकर तुटतो का?

हो, बहुतेक वेळा लवकर तुटतो. एमआरएनए म्हणजे जनुकातला प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारा रेणू; त्यातल्या अ‍ॅडेनोसिन या घटकाला मिथाइल गट चिकटला, म्हणजे एम६ए झाला, की वायटीएचडीएफ२ हे प्रथिन तो ओळखतं आणि सीसीआर४-नॉट हा विकरसमूह बोलावून घेतं. तो पॉली-ए शेपटी, म्हणजे रेणूच्या शेवटची अ‍ॅडेनोसिनांची माळ, टोकाकडून कुरतडत आणतो. शेपटी गेली की रेणू फार टिकत नाही. पण पेपरात सरसकट तसं लिहू नका: त्याच खुणेवर आयजीएफ२बीपी प्रथिनं बसली तर एमआरएनए उलट जास्त टिकतो. मी बेळगावात बीएस्सीला हेच शिकवतो. खानापूर-निपाणीकडून येणारी हुशार मुलंसुद्धा पाच-प्राइम टोपीतलं (रेणूच्या सुरुवातीच्या टोकावरच्या झाकणातलं) मिथाइल आणि हे मिथाइल एकच धरतात. ते वेगळं आहे. टोपी रेणूचं रक्षण करते.