आईची जीभ सहा महिने जळतेय, तोंडात मात्र काहीच दिसत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आई ५८ वर्षांच्या आहेत, दोन डॉक्टर झाले, दोघंही 'काही नाही' म्हणाले आणि आता घरात 'मनाचे खेळ' असं बोललं जातंय. ते बोलणं आधी थांबवा. मी स्वतः यातून गेले आहे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. गरम चहानं पोळावी तशी जिभेची शेंडी दिवसभर चुरचुरायची. सगळ्यांनी 'उष्णता' ठरवली. गुलकंद झाला, सब्जा झाला, कोकम सरबतानं तर आगच व्हायची.

शेवटी ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या डॉक्टरांनी विचारलं, "जेवताना कसं वाटतं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, जेवताना बरं वाटतं! सकाळी कमी, दिवस कलला की जास्त, आणि तोंडात घास असला की आराम. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण आईंना हे जरूर विचारा. रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांहून अधिक काळ जळजळ आणि तपासून कारण सापडत नाही, तेव्हा बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात. बऱ्याच रुग्णांत जिभेच्या बारीक नसा बिघडलेल्या आढळल्या आहेत. त्या वरून दिसणार कशा?

पण हे नाव लावण्याआधी बाकीची कारणं वगळायलाच हवीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वं, साखर, थायरॉइड तपासून घ्या. बी१२च्या गोळ्या त्याआधी सुरू करू नका, रिपोर्ट फसवा येतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं. ब्लडप्रेशरच्या एनालाप्रिलसारख्या गोळीनंही क्वचित जळजळ होते. गोळी मनानं बंद न करता डॉक्टरांना दाखवा. कवळी असेल तर बुरशी बघायला सांगा. सुपारीची सवय असेल, तिखट झोंबत असेल आणि तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर तो वेगळा आजार आहे. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर थांबू नका.

माझे रिपोर्ट चांगले आले. मग डॉक्टरांनी क्लोनाझेपामची (नसा शांत करणारी) गोळी दिली, पण गिळायची नाही: तीन मिनिटं तोंडात धरून चघळायची आणि थुंकायची. तिनं झोप येते, सवयही लागू शकते, म्हणून डोस आणि मुदत डॉक्टरच ठरवतात. सोबत दालचिनी-पुदिन्याची झणझणीत टूथपेस्ट आणि माउथवॉश बंद केलं. संध्याकाळी बर्फाचा खडा चोखते. जळजळ पूर्ण गेली नाही, निम्म्याहून कमी झाली, आणि झोप लागू लागली.

आईंना कॅन्सरची भीती वाटत असेलच. मी दिवसातून दहा वेळा आरशात जीभ बघायचे. तपासणी नीट झाल्यावर डॉक्टरांकडूनच त्यांना स्पष्ट सांगून घ्या की हा कॅन्सर नाही. ते ऐकल्यावर त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी निवांत जेवले होते.