शेतीच करायचीय, मग कॉलेज करू का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार काका. मी बारावी सायन्सला, गाव मानवत तालुक्यात. सहा एकर रान, विहीर मार्चनंतर तळ गाठते. सोयाबीन, तूर, थोडा कापूस. मला नोकरी नकोच, शेती करायचीय. आबा म्हणायलेत परत रानातच यायचं तर चार वर्षं अन् पैसे कशाला घालवायचे, माय म्हणते डिग्री नसली तर पोरगी कोण देईल. काय करू?

उत्तर: बाळा, तू सगळं लिहिलंस पण आबांचं वय आणि तब्येत लिहिली नाहीस, अन् माझ्या मते निर्णय तिथंच आहे. आबा धडधाकट असतील, पेरणी-काढणी त्यांच्या हातानं नीट होत असेल तर शिकायची वर्षं हीच, कारण आज रान सांभाळायला घरात माणूस आहे. एकदा सगळं तुझ्या अंगावर पडलं की मग कॉलेज राहूनच जातं, असे किती पोरं बघितलेत. पण आबांना झेपत नसेल, गावच्या विकास सोसायटीचं पीक कर्ज थकलं असेल, तर चार वर्षं बाहेर राहू नको, त्याला दुसरे रस्ते आहेत, पुढं सांगतो.

आता रानाचा हिशोब मांड. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, आडतीवर बऱ्याचदा त्याच्याही खाली जातंय. एकरी सात क्विंटल धर, हमीभावानं सदतीस हजार झाले, त्यातून बी, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा कर अन् काय उरतं ते बघ. एवढ्यावर आबांचं घर अन् उद्याचं तुझं घर, दोन्ही चालणार नाहीत हे मी तुला आत्ताच स्पष्ट सांगतो, वाईट वाटलं तरी चालेल. शेतीला जोड लागणार आणि ॲग्रीची डिग्री तिथं कामाला येते. फवारणीचं औषध विकायचं लायसन काढायचं तर शेतीचं नाहीतर सायन्सचं शिक्षण दाखवावं लागतं. केंद्राची ॲग्री क्लिनिकची, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला अन् सेवा द्यायचा धंदा काढायची, स्कीम 2002 पासून आहे, शेतीचं शिक्षण झालेल्यांना फुकट ट्रेनिंग आणि मग कर्ज काढून उभारलेल्या धंद्याच्या खर्चावर 36 टक्के सबसिडी. गावात राहून, रान न सोडता हे होतं.

आणि आबांना वाटतंय तसं कॉलेजात औत हाकायला शिकवत नाहीत, ते तुला येतंच. 2017 चा कापूस आबांना आठवत असेल, गुलाबी बोंडअळीनं रानंच्या रानं गेली. लोकांनी फवाऱ्यावर फवारे मारले, पैसे गेले, फवारताना विषबाधा होऊन जीवही गेले, पण अळी बोंडाच्या आत अन् औषध बाहेर, लागू कसं पडणार? मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावायचे, एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस दिसले की तेव्हाच फवारायचं, आणि पुढच्या साली अळी नको असेल तर फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही तोच कापूस पुढं रानात, ठेवायची नाही. हे दुकानदार सांगत नाही, त्याला बाटली विकायचीय. तसंच सोयाबीनचं, घरचं चांगलं बी उगवण तपासून पेरता येतं, दरवर्षी महागडी बॅग घ्यायची गरज नाही. माती परीक्षणाचा कागद हातात आला तर तो वाचता यायला पाहिजे ना, आपल्याकडं तो कागद तसाच घडी घालून ठेवलेला असतो. हे कळायला शिक्षण पाहिजे, मी या मताचा आहे आणि राहणार.

पण कॉलेज बघून घे. ज्याला स्वतःचं धड रान नाही, नुसती हजेरी लावून पास करतात, तिथं पैसे घालू नको. परभणीचं कृषी विद्यापीठ तुझ्या जवळ, सीईटी मनापासून दे. शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करावं लागतं, रावे म्हणतात त्याला, त्यातून लई शिकायला मिळतं.

घर सोडता येत नसेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे शेतीचे कोर्स आहेत, आणि कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, खरपुडी, तोंडापूर, तुळजापूर, सगरोळी, तिथल्या ट्रेनिंगला डिग्री विचारत नाहीत, जात राहा.

मायचं बोलणं हसण्यावारी नेऊ नको. शेती करणाऱ्या पोरांची लग्नं गावोगाव अडलीत, खरंय ते. पण मुलीकडचे आता महिन्याला घरात काय येतं ते आधी विचारतात, म्हणून ती जोडधंद्याची गोष्ट परत वाच.

प्रश्न: सर, मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी. मुलगा इंजिनिअर, पुण्यातली नोकरी सोडून आलाय. वीस लाखांचं कर्ज काढून शेडनेट टाकायचं म्हणतो. मी थांब म्हणालो तर तुमचे विचार जुने म्हणतो.

उत्तर: भाऊ, थांब म्हणालात ते बरोबरच, पण नुसतं थांब म्हणू नका. एक-दोन एकर त्याच्या ताब्यात द्या, काय पेरायचं, कुठं विकायचं सगळं त्यानं ठरवायचं, खर्चाची वही त्याची, तुम्ही मधे बोलायचं नाही. वर्षभर हे करून मग बँकेत जा. शेडनेटला मे महिन्यातही रोज पाणी लागतं, आणि 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे आपलं लातूर, म्हणून आधी उन्हाळ्यात बोअर किती तास चालतो ते त्याला स्वतः मोजू द्या. तळेगाव दाभाडेला पॉलिहाऊसचं ट्रेनिंग मिळतं, तिथं पाठवा. इंजिनिअरिंग वाया गेलं असं मात्र त्याला घरात कुणी बोलू नका, ड्रिपचं प्रेशर अन् खताचं गणित त्याला तुमच्यापेक्षा लवकर जमेल.

प्रश्न: मी धाराशिव जिल्ह्यातली, बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला. भावाला शेतीत रस नाही, मला गावी येऊन शेती करायचीय. नातेवाईक म्हणतात तू उद्या परक्या घरी जाणार.

उत्तर: ताई, तुम्ही या, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाची रानाला गरज आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, 2005 च्या कायद्यानं दिलाय आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. पण तेवढ्यावर भागत नाही, सातबाऱ्यावर नाव नसेल तर सबसिडी, विमा, पीक कर्ज, सगळीकडं वडिलांची सही लागते अन् तुम्ही फक्त राबता. वडील हयात असताना सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटणी होते. ॲग्री क्लिनिकला महिलांना 44 टक्के सबसिडी आहे, तेही बघा. आणि हे बोलणं भावाला समोर बसवून करा, तो शेती करणार नसला तरी हिस्सा त्याचाही आहे, त्याच्या वाट्याची जमीन तुम्हीच कसणार असाल तर बटई (पिकात वाटा) की खंड (ठरलेली रक्कम), ते त्याच दिवशी कागदावर लिहून घ्या.