टेलिस्कोपच्या तोंडात आरसा, मग चंद्राला भोक का नाही?

प्रश्न : भाच्याने सहा इंची आरशाचा टेलिस्कोप घेतलाय. नळीच्या तोंडाशी मधोमध एक छोटा तिरका आरसा आहे, तो प्रकाश अडवतोच ना? मग चंद्राच्या मधे काळा ठिपका का दिसत नाही? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : मलाही हेच कोडं पडलेलं. म्हापशाला गच्चीवर चंद्र लावून नळीच्या तोंडावर अर्धा पुठ्ठा धरला, वाटलं अर्धा चंद्र जाणार, तर चंद्र अख्खाच, फक्त मंद झाला.

कसंय, चंद्रावरच्या एकेका जागेवरून आलेला प्रकाश नळीच्या तळाशी असलेल्या अख्ख्या मोठ्या आरशावर पडतो, कुठल्या एका कोपऱ्यावर नाही. हा खोलगट आरसा ते सगळे किरण एका बिंदूत आणतो, शेजारच्या जागेचे शेजारच्या बिंदूत, असं करत फोकसपाशी चित्र तयार होतं. म्हणजे आरशाचा प्रत्येक तुकडा पूर्ण चंद्र काढतो आणि ही सगळी चित्रं एकावर एक बसतात, मग मधला तुकडा झाकला तर उजेड थोडा कमी, बस. छोटा आरसा दीड इंची असेल तर जेमतेम ६ टक्के.

ते चित्र हातात धरता येतं बरं का! आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढून तिथे ट्रेसिंग पेपर धरा आणि मागेपुढे करा, फोकल लेंथ (मोठ्या आरशापासून चित्रापर्यंतचं अंतर) १२०० मिमी असेल तर पौर्णिमेचा चंद्र ११ मिमीचा, करंगळीच्या नखाएवढा उमटतो. (सूर्यावर हे अजिबात करू नका.) आयपीस फक्त तेवढं चित्र मोठं करतं, २५ मिमी फोकल लेंथचं लावलं तर १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट.

भोक बघायचंच असेल तर ठळक तारा लावून फोकस मुद्दाम बिघडवायला सांगा भाच्याला, मेदूवडा दिसेल! किरण अजून एकत्र आलेले नसतात ना, म्हणून छोट्या आरशाची सावली दिसते.

अर्थात सगळ्या तुकड्यांची चित्रं नेमकी एकाच जागी पडायला हवीत, त्यासाठी आरसा पॅराबोलाच्या (एका ठरावीक वक्राच्या) आकारात घासावा लागतो. हबल या अंतराळातल्या टेलिस्कोपचा २.४ मीटरचा आरसा कडेला फक्त २ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जास्त घासला गेलेला, तेवढ्यानं १९९० मध्ये फोटो धूसर आले आणि १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन दुरुस्ती करावी लागली.

आणि हो, आपल्या दमट हवेत आरशावर बारीक डाग पडलेच तर लगेच फडकं घेऊन धावू नका. तेही चंद्रावर दिसत नाहीत, घासून ॲल्युमिनियमचा थर मात्र जाईल.